पोकेमॉनचे बळ : जन्माचे किती, संगोपनाचे किती?

एकाच जातीचे दोन पोकेमॉन. दोघांचे नाव गार्चोम्प, दोघेही पन्नासाव्या लेव्हलचे, रूप तेच, रंग तोच, शिकलेल्या चालीही त्याच. तरीही माहितीचा पडदा उघडला की एकाच्या वेगापुढे ९६ हा आकडा दिसतो आणि दुसऱ्याच्या वेगापुढे १६९. ही दोन टोके आहेत; बहुतेकांचा गार्चोम्प या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. परंतु लेव्हल सारखी असतानाही एवढे अंतर पडते कसे, हा प्रश्न आपल्या लाडक्या पोकेमॉनला घेऊन मित्राशी झुंजलेल्या आणि कारण न कळता हरलेल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी पडलेला असतो. त्याचे उत्तर खेळाच्या निर्मात्यांनी कित्येक वर्षे पडद्यामागे ठेवले होते.

प्रत्येक पोकेमॉनचे बळ सहा आकड्यांत मोजले जाते : प्राणशक्ती, आक्रमण, संरक्षण, विशेष आक्रमण, विशेष संरक्षण आणि वेग. प्रत्येक आकड्याचा पाया त्या जातीनेच ठरवून दिलेला असतो. गार्चोम्पच्या वेगाचा मूळ गुणांक १०२ आहे आणि तो जगातील प्रत्येक गार्चोम्पसाठी सारखाच. त्यावर आणखी तीन थर चढतात. पहिला जन्मगुणांचा; खेळाडू याला आयव्ही म्हणतात. पोकेमॉन रानात भेटतो किंवा त्याचे अंडे मिळते त्याच क्षणी प्रत्येक गुणासाठी ० ते ३१ यांतील एक आकडा त्याच्या कपाळी लिहिला जातो. दुसरा थर मेहनतीचा, म्हणजे ईव्हीचा; तो कोणाशी किती झुंजी दिल्या यावर ठरतो. तिसरा थर स्वभावाचा. खेळात २५ स्वभाव आहेत. त्यांपैकी पाच कोणताही फरक करीत नाहीत. उरलेले वीस एका गुणात दहा टक्क्यांची भर घालतात आणि दुसऱ्यातून दहा टक्के काढून घेतात.

आता गार्चोम्पचा हिशेब मांडता येतो. जन्मगुण शून्य, मेहनत शून्य आणि स्वभाव तटस्थ असेल तर पन्नासाव्या लेव्हलला त्याचा वेग १०७ भरतो. जन्मगुण पूर्ण ३१ असेल तर १२२. त्यावर मेहनतीचे कमाल २५२ गुण वेगात घातले की १५४. स्वभावही वेगाला पोषक, म्हणजे ‘जॉली’, असेल तर १६९. जन्माने दिले १५, स्वभावाने दिले १५ आणि मेहनतीने दिले ३२. म्हणजे संगोपनाचा वाटा जन्माच्या वाट्याहून दुप्पट आहे. आरंभी आलेला ९६ हा आकडा जन्मगुण नाहीत, मेहनत नाही आणि वर स्वभावही वेगाला मारक, अशा गार्चोम्पचा.

जन्माचे पंधरा गुण किरकोळ वाटतील. पण झुंजीत एका गुणानेही पारडे फिरते. ज्याचा वेग अधिक तो आधी वार करतो, आणि आधी वार करणारा पुष्कळदा समोरच्याला वार करू देतच नाही. चारिझार्डच्या वेगाचा मूळ गुणांक १०० आहे. उत्तम रीतीने वाढवलेल्या चारिझार्डचा वेग पन्नासाव्या लेव्हलला १६७ होतो. १६९ वेगाचा गार्चोम्प त्याच्या आधी हलतो. त्याच गार्चोम्पचा वेगाचा जन्मगुण ३१ ऐवजी २६ असेल, तर सगळी मेहनत आणि योग्य स्वभाव असूनही त्याचा वेग १६६ वर अडतो आणि चारिझार्ड आधी हलतो. अधिकृत स्पर्धांत सर्व पोकेमॉन पन्नासाव्या लेव्हलला आणले जात असल्याने लेव्हल वाढवून ही उणीव भरून काढण्याची वाटही तेथे बंद असते.

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ हे पहिले खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉयवर आले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा परिसरात कीटक गोळा करण्यात गेले होते, आणि शहर वाढत गेल्यावर मुलांचा तो छंद हरवला ही खंत या खेळाच्या मुळाशी होती. ज्याने बालपणी किडे पकडून डबीत ठेवले आहेत त्याला ठाऊक असते की एकाच जातीचे दोन भुंगे कधीच अगदी सारखे नसतात. खेळातील जन्मगुणांमागेही तीच जाणीव दिसते. त्या वेळी हा आकडा ० ते १५ असा होता आणि खेळात त्याचा उल्लेखही कोठे नव्हता. खेळातील पात्रे सांगत ती प्रेमाने वाढवण्याची आणि विश्वासाची गोष्ट. आकडेमोड मुकाट्याने पडद्यामागे चाले.

या गुप्त आकड्यांचे काही परिणाम आज विचित्र वाटतात. १९९९ साली आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत पोकेमॉनला प्रथमच नर-मादी भेद मिळाला; परंतु तो भेद आक्रमणाच्या जन्मगुणावरूनच ठरवला जाई. तो आकडा कमी आला की मादी, अधिक आला की नर. परिणामी ज्या जातीत नर आणि मादी दोन्ही असत, तेथे मादीचा आक्रमणाचा जन्मगुण नराहून नेहमीच कमी असे. खेळाच्या सुरुवातीला प्राध्यापक जे पोकेमॉन देतात त्यांच्यात माद्या क्वचितच असतात. त्या मादीचा हा आकडा तर ० किंवा १ याच्या वर जातच नसे. कित्येक मुलींनी हौसेने जपलेली मादी चिकोरिटा जन्मतःच उणी होती, आणि ते सांगणारे खेळात कोणी नव्हते. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांत हा संबंध तोडण्यात आला.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, आणि बलवान पोकेमॉन वाढवण्याची आजची सारी विद्या त्यातून जन्माला आली. त्याआधी मेहनतीच्या गुणांना एकूण मर्यादा नव्हती. पुरेशा झुंजी दिल्या की पोकेमॉनचे सगळेच गुण काठोकाठ भरत. वाढवणे म्हणजे केवळ वेळ देणे. २००२ पासून एका पोकेमॉनला सर्व गुण मिळून ५१० च मेहनतीचे गुण मिळू लागले. एका गुणात उपयोगी पडतात ते जास्तीत जास्त २५२. याचा साधा अर्थ असा की दोनच गुण पूर्ण भरता येतात आणि हातात चिल्लर उरते. वेगवान आणि घणाघाती हवा असेल तर तो चिवट होणार नाही. चिवट हवा असेल तर त्याच्या वारात जोर असणार नाही. त्यामुळे आपल्या पोकेमॉनकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे, हे खेळाडूला आधी ठरवावे लागू लागले.

मेहनतीचे गुण मिळवण्याची रीत सोपी आहे, फक्त ती माहीत असावी लागते. हरवलेला प्रत्येक पोकेमॉन ठरावीक गुणात एक ते तीन अंक देतो. मॅजिकार्प हरवला तर वेगात एक अंक मिळतो, जिओड्यूड हरवला तर संरक्षणात एक. नकळत खेळणारा मूल वाटेत येईल त्याच्याशी झुंजत जाते आणि त्याच्या पोकेमॉनचे ५१० गुण सहा ठिकाणी थोडेथोडे विखुरले जातात. त्यातून कोणताच गुण धड उभा राहत नाही. जाणता खेळाडू मात्र वेग हवा असेल तर फक्त मॅजिकार्पच शोधत बसतो. केवळ याच मार्गाने गेले तर २५२ मॅजिकार्प हरवावे लागतील. ‘पॉवर’ या नावाने सुरू होणाऱ्या वस्तूंपैकी योग्य ती पोकेमॉनला धरायला दिली, तर नव्या खेळांत प्रत्येक विजयाला आठ अंक जादा मिळतात आणि २८ मॅजिकार्प पुरतात. दुकानात मिळणारी जीवनसत्त्वे तर प्रत्येक बाटलीला दहा अंक देतात. पूर्वी शंभर अंकांनंतर त्यांचा उपयोग होत नसे. २०१९ पासून ती मर्यादा गेली आणि २६ बाटल्यांत एक गुण भरून निघू लागला. एक बाटली खेळातील दहा हजारांना मिळते, म्हणजे एका गुणाला दोन लाख साठ हजार. चुकीच्या ठिकाणी गेलेले अंक कमी करणारी सहा प्रकारची फळेही आहेत, त्यामुळे अजाणतेपणी वाढवलेला पोकेमॉन वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

संगोपनाची ही वाट कष्टाची असली तरी पहिल्यापासून खुली होती. जन्मगुणांची मात्र बंद होती, आणि खेळाडूंनी तिच्यावर काढलेला उपाय म्हणजे पैदास.

सहाही जन्मगुण ३१ असलेला पोकेमॉन निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता १०७ कोटींत एक एवढी आहे. पण ‘खाण तशी माती’ हा न्याय या खेळातही चालतो : नर आणि मादी एकत्र ठेवले की अंडे मिळते आणि पिल्लाकडे आईबापांचे काही जन्मगुण येतात. प्रथम तीन येत. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांपासून आईबापांपैकी एकाला ‘डेस्टिनी नॉट’ हा लाल धागा धरायला दिला, की दोघांच्या मिळून बारा आकड्यांपैकी पाच पिल्लाकडे येऊ लागले. आईबाप दोघेही सर्वगुणसंपन्न असतील तर पाच गुण निश्चित आणि सहावा नशिबावर. म्हणजे सरासरी बत्तीस पिल्लांत एक परिपूर्ण. स्वभाव पुढे न्यायचा तर दुसऱ्याला ‘एव्हरस्टोन’ हा दगड धरायला द्यायचा. १०७ कोटींवरून बत्तिसावर आलेला हा हिशेब गणिताच्या शिक्षकांना वर्गात सांगता येण्याजोगा आहे.

पण प्रत्येक अंडे उबवायला चालावे लागते. गार्चोम्पचे बालरूप असलेल्या गिबलचे अंडे फुटायला त्या काळी सुमारे दहा हजार पावले लागत. अंगात आग असलेला एखादा पोकेमॉन सोबत ठेवला तर निम्मी. एकाच रस्त्यावर सायकल पुढे-मागे फिरवत तासन्‌तास घालवणे हा स्पर्धेत उतरणाऱ्यांचा नित्यक्रम झाला. त्यातून निघालेली उणी पिल्ले एकेक करून रानात सोडून दिली जात. पडद्यावर निरोपाचे वाक्य उमटे आणि पुढचे अंडे हाती येई. मैत्रीची महती सांगणाऱ्या खेळात गंभीर खेळाडू रोज डझनावारी पिल्लांना नाकारीत होता, आणि ज्या पहिल्या सोबत्याबरोबर त्याने सारी गोष्ट पुरी केली, तो सोबती त्याचे आकडे पाहून कायमचा पेटीत पडून राहत होता. प्रेमाची कदर खेळात अजिबात नव्हती असे नाही. याच ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये गोंजारलेला पोकेमॉन कधीकधी शेवटच्या श्वासावर तग धरी. ती मुभा मात्र कथेपुरती होती. माणसाशी झुंजताना तिचा उपयोग नसे.

निर्मात्यांना ही विसंगती जाणवली असावी, कारण त्यानंतरचे बदल सगळे एकाच दिशेने झाले. २०१३ साली मेहनतीचे गुण प्रथमच आलेखाच्या रूपात पडद्यावर दिसू लागले. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये ‘हायपर ट्रेनिंग’ आले. पोकेमॉन शंभराव्या लेव्हलला पोचला की बाटलीचे चंदेरी झाकण देऊन त्याचा एक जन्मगुण आणि सोनेरी झाकण देऊन सहाही जन्मगुण कमाल करता येऊ लागले. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये त्यासाठी पन्नासावी लेव्हल पुरते. ‘स्वभावाला औषध नाही’ ही आपल्याकडची म्हणही २०१९ साली तेथे खोटी ठरली. ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांत पुदिन्याची पाने आली. ती खाऊ घातली की पोकेमॉनच्या गुणांवर नव्या स्वभावाचा परिणाम होतो. पेटीत पडलेला तो पहिला सोबती आता बाहेर काढून स्पर्धेत उतरवता येतो.

यात एक बारकावा आहे. झाकणाने सुधारलेला जन्मगुण खरोखर बदलत नाही. झुंजीपुरता तो ३१ मानला जातो एवढेच. त्या पोकेमॉनने अंडे दिले तर पिल्लाकडे जाईल तो जुना, मूळचा आकडा. पुदिन्याचेही तसेच : माहितीच्या पडद्यावर मूळ स्वभावाचे नाव कायम राहते.

सर्वाधिक आकडे म्हणजे सर्वाधिक बळ, हा समज मात्र या सुधारणांनी उलट बळावला आणि तो चुकीचा आहे. ‘ट्रिक रूम’ ही चाल खेळली की पाच फेऱ्यांपर्यंत वेगाचा नियम उलटा होतो. जो सर्वांत मंद तो आधी हलतो. टॉर्कोलसारख्या कासवाचा वेगाचा मूळ गुणांक जेमतेम २० आहे. अशा संघात त्याचा वेगाचा जन्मगुण शून्य असणे हीच पूर्णता, आणि त्याच्यावर सोनेरी झाकण खर्च करणारा आपल्याच हाताने त्याला बिघडवतो. जे पोकेमॉन शारीरिक वार करीतच नाहीत, त्यांचे आक्रमणही शून्य असलेले बरे. कारण गोंधळलेल्या अवस्थेत पोकेमॉन स्वतःलाच मारून घेतो, तो स्वतःच्या आक्रमणाच्या जोरावर.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१४ सालच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतले. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से जुन पार्क प्रौढ गटात विजेता ठरला, आणि त्याच्या संघात पाचिरिसू नावाची खार होती. पाचिरिसूच्या सहा मूळ गुणांकांची बेरीज ४०५. त्याच संघातल्या गार्चोम्पची ६००. स्पर्धेत कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिले नसते. पार्कने तिच्या मेहनतीचे गुण आक्रमणात घातले नाहीत, प्राणशक्ती आणि संरक्षणात घातले. तिचे काम मारायचे नव्हतेच. ‘फॉलो मी’ ही चाल खेळून प्रतिस्पर्ध्यांचे वार स्वतःवर ओढून घ्यायचे, आणि तेवढ्या वेळात शेजारी उभ्या असलेल्या बलवान साथीदाराला मोकळा हात द्यायचा. हे काम गार्चोम्पला जमले नसते. पाचिरिसूचे जन्मगुण कितीही सुधारले असते आणि तिला सर्वांगाने थोडीथोडी वाढवली असती, तर ती पहिल्या फेरीतच बाद झाली असती.

एवढ्या सोयी झाल्या तरी अधिकृत स्पर्धांतला एक वाद मिटलेला नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरने हवे ते आकडे भरून पोकेमॉन क्षणात तयार करता येतो. नियमांनुसार ती फसवणूक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये योकोहामा येथील जागतिक स्पर्धेत तपासणीत असे पोकेमॉन आढळल्याने अनेक खेळाडू बाद ठरवले गेले. स्पर्धेची कसोटी डोक्याची असावी, बैठकीची नव्हे, असा त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला. त्यात थोडे तथ्य आहे, कारण दंतकथेतले मानले जाणारे पोकेमॉन अंडी देत नाहीत आणि बहुधा एका खेळात एकदाच भेटतात. त्यांच्या अंगी शून्य वेग हवा असेल तर आजही पुन्हापुन्हा खेळ बंद करून नशीब आजमावण्याला पर्याय उरत नाही. तरीही जो खेळाडू तीच कटकट सोसून समोर बसला आहे, त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या युक्तिवादात नाही.

गोव्यातील किंवा बेळगावातील वाचकाच्या हाती मात्र बहुधा यांपैकी कोणताही खेळ नसतो. असतो तो मोबाइलवरचा ‘पोकेमॉन गो’. तो भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला, आणि संध्याकाळी मिरामारला फिरायला गेलेल्या मुलाच्या हातीही तोच असण्याची शक्यता अधिक. त्यात अंकांचे जाळे पुष्कळ सोपे केले आहे. जन्मगुण तीनच : आक्रमण, संरक्षण आणि प्राणशक्ती, प्रत्येकी ० ते १५. मेहनतीचे गुण नाहीत, स्वभाव नाही, पैदासही नाही. ‘अप्रेझ’ या पर्यायावर बोट ठेवले की तिन्ही पट्ट्या डोळ्यांसमोर येतात, काहीही लपवलेले नाही. रेडमध्ये जिंकून पकडलेल्या पोकेमॉनचा प्रत्येक जन्मगुण किमान १० असतो, मित्राशी ‘लकी’ अदलाबदल झाली तर किमान १२. अदलाबदलीत जन्मगुण नव्याने पडतात, त्यामुळे दोन मित्रांनी एकमेकांचे नको असलेले पोकेमॉन बदलून घेणे हा थोड्या स्टारडस्टमध्ये होणारा मार्ग ठरतो.

तिन्ही पट्ट्या भरलेला पोकेमॉन मिळाला की मुले हरखून जातात आणि हाताशी असलेली सारी स्टारडस्ट त्याच्यावर ओततात. येथेही आधी विचारायचे ते हेच की तो लढणार कोठे. ‘ग्रेट लीग’मध्ये १५०० सीपीच्या वरचा पोकेमॉन चालत नाही, आणि सीपीच्या सूत्रात आक्रमणाला संरक्षण व प्राणशक्ती यांच्याहून अधिक वजन आहे. आक्रमणाचा जन्मगुण कमी असेल तर सीपी सावकाश वाढतो, तो पोकेमॉन १५०० च्या आत अधिक वरच्या लेव्हलपर्यंत जातो, आणि एकूणात अधिक टिकाऊ ठरतो. म्हणूनच त्या लीगसाठी अनेक जातींत आक्रमण ०, संरक्षण १५, प्राणशक्ती १५ असा पोकेमॉन तिन्ही पट्ट्या भरलेल्यापेक्षा सरस असतो. मर्यादा नसलेल्या ‘मास्टर लीग’मध्ये किंवा रेडमध्ये मात्र सगळे पंधराच हवेत. आक्रमणाची पट्टी रिकामी दिसली म्हणून प्राध्यापकाकडे पाठवून दिलेला पोकेमॉन परत येत नाही, आणि चुकीच्या पोकेमॉनवर खर्च केलेली स्टारडस्टही.